चतुर्थ श्रेणीचे मासे

आमच्या घोडमारे काकांच्या गळाला रोहू लागला, की ते आधी त्याची माफी मागतात.

मी हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलंय. भोजपूरच्या अलीकडं बेतवा नदी खडकांतून धडपडत येते आणि एका ठिकाणी जरा दम खाते. रविवारी सकाळी काका तिथं जाऊन बसतात. एकदा मी आणि माझा नवरा विनोद हौसेनं त्यांच्या स्कूटरमागं आमची स्कूटर घेऊन गेलो. बराच वेळ काही हललं नाही. मी डब्यातले पोहे संपवले, विनोदनं एक डुलकी काढली. आणि एकाएकी काकांची बंसी, म्हणजे गळाची काठी, अशी वाकली की विनोद झोपेतून उठून "पकडा, पकडा!" ओरडायला लागला. चांगला हातभर रोहू. उन्हात घासलेल्या तांब्यासारखा चमकत होता. विनोद मनातल्या मनात त्याचे तुकडे पाडायला लागलाय, हे मला दिसत होतं.

काकांनी त्याला दोन्ही हातांत धरलं, तोंडातला गळ हलकेच सोडवला आणि मान लववून म्हणाले, "माफ करा, साहेब. चुकून आमच्या शाखेत आलात. आपली केबिन तिकडं, खोल पाण्यात." आणि दिला की सोडून!

शेजारच्या खडकावरचा एक माणूस कळवळून उभा राहिला. "अरे चचा, मुझे दे देते!"

"राजपत्रित है, भैया," काका शांतपणे म्हणाले. "ऐसे कैसे किसी को भी दे दें?"

थोड्या वेळानं गळाला बोटभर लांबीची एक पुठिया लागली. चपटी, रुपेरी, अंगात मासा कमी आणि काटे जास्त. काकांचा चेहरा असा फुलला की वाटलं, घरी लेक माहेरपणाला आली. "ये बेटा, ये. आपल्याच केडरची!"

हे केडरचं प्रकरण समजल्याशिवाय काका समजत नाहीत. काकांची सगळी नोकरी राज्य सरकारच्या एका कार्यालयात, स्थापना शाखेत गेली. कोणाची नेमणूक, कोणाची बढती, कोण कोणत्या श्रेणीत, हेच आयुष्यभर केलं आणि स्वतः सहायक ग्रेड दोन म्हणून निवृत्त झाले. तृतीय श्रेणी. माणूस निवृत्त झाला, पण स्थापना शाखा काही डोक्यातून गेली नाही. मग त्यांनी बेतवा नदीचीच स्थापना लावून टाकली.

महाशीर म्हणजे थेट राज्यपाल. त्याला हात लावायचा नाही, लांबून नमस्कार. रोहू-कतला प्रथम श्रेणी, राजपत्रित अधिकारी. लग्नात, पार्टीत, मोठ्यांच्या ताटात शोभतात. सिंघाड द्वितीय श्रेणी, लांब मिशा ठेवून रुबाब करतो. टेंगरा तृतीय श्रेणी. "दिसायला गरीब बाबू, पण अंगात शिंग असते. काम करून घ्यायला हात लावला की टोचलाच." पतोला म्हणजे कर्मचारी संघाचा नेता, पातळ, पाठ वाकलेली, आणि जिथं बोट ठेवावं तिथं काटा. तिलापिया म्हणजे संविदा, कंत्राटी कर्मचारी. "बाहेरून आला, कुठंही कामाला लागतो, संख्या वाढतच चालली, पण पक्का त्याला कोणी करत नाही." आणि सगळ्यांत खाली पुठिया न चिलवा, चतुर्थ श्रेणी. जाळ्यात आले तर लोक झटकून टाकतात, बाजारात कोणी भाव विचारत नाही.

"आणि मी तृतीय श्रेणीचा माणूस," काका म्हणतात. "मी आपल्या बरोबरीचं खाईन, नाहीतर आपल्यापेक्षा लहानाला जवळ करीन. साहेबाला कसं खाऊ? शिस्त आहे की नाही काही?"

नाव घोडमारे, आणि मारतात बोटभर मासे. ही कोटी बिल्डिंगीत सगळ्यांची करून झालीय. काका ती ऐकून दर वेळी पहिल्यांदा ऐकल्यासारखे हसतात.

आमची त्यांची ओळख झाली ती ते भोपाळात बाग सेवनियातल्या आमच्या बिल्डिंगीत राहायला आले तेव्हा. आम्ही तळमजल्यावर, ते तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. मी ओळख झाल्याबरोबर सांगून टाकलं, की माझे वडील सरकारी कार्यालयात शिपाई होते आणि मी आमच्या घराण्यातली पहिली ग्रॅज्युएट, बीएस्सी, वनस्पतीशास्त्र, फर्स्ट क्लास. हे मी सगळ्यांनाच पहिल्या भेटीत सांगते. नंतर पुढच्यानं हळूहळू काढून घ्यायचं आणि मी लाजायचं, एवढा वेळ कोणाकडं आहे?

काकांचे डोळे चमकले. "वडील शिपाई? मतलब चतुर्थ श्रेणी? मतलब पुठिया! अहो, सगळ्यात गोड!"

दुसऱ्या कोणी माझ्या वडिलांना पुठिया म्हटलं असतं, तर त्याचं सामान मी वर चढू दिलं नसतं. पण काका हे अशा आदरानं म्हणाले, की मी रागवायचं विसरले. त्या दिवसापासून मी "बीएस्सी" झाले. "काय बीएस्सी, शाळेला सुट्टी का आज?" "बीएस्सी, जरा कढीपत्ता दे." मी एका खासगी शाळेत विज्ञान शिकवते. तिथं मला मॅडम म्हणतात, माहेरी ताई म्हणतात, पण खरं सांगायचं तर पदवीचं असं रोजच्या रोज चीज दुसऱ्या कोणी केलं नाही.

आता मी बीएस्सी असल्यामुळं काकांचं माशांबद्दलचं ज्ञान किती कच्चं आहे, हेही सांगायला हवं. त्यांच्या मते बेतवेतल्या माशांना मराठी कळतं. पुरावा काय, म्हणून मी विचारलं.

"हे बघ. हिंदी बोलणारे सगळे रोहूच्या मागं असतात. पुठियाशी कोणी बोलतच नाही. मी मराठीत बोलतो. ती येते."

"काका, ती गांडुळासाठी येते."

"गांडूळ तर सगळेच लावतात," काका म्हणाले, आणि त्यांच्या दृष्टीनं सिद्धता पूर्ण झाली.

काकांचं हे मराठी मात्र ऐकण्यासारखं. त्यांचं घराणं मूळचं भंडाऱ्याकडचं, तळ्यांचा मुलूख. वडील नागपूरच्या दफ्तरात होते, दफ्तर भोपाळला हललं तसे इकडं आले. काकांचा जन्म, शाळा, नोकरी सगळं इथलं. त्यामुळं त्यांच्या मराठीत हिंदी अशी मिसळलीय, की कुठं एक संपली न दुसरी सुरू झाली ते त्यांनाही सांगता येत नाही. आम्हा भोपाळच्या मराठी लोकांना त्यात काही वावगं वाटत नाही, आम्हीही तसंच बोलतो. घोटाळा होतो तो महाराष्ट्रातला माणूस समोर आला की.

त्यांच्या मुलाचं, प्रशांतचं, लग्न ठरलं तेव्हाची गोष्ट प्रशांतनंच मला सांगितली. प्रशांत पुण्याला नोकरीला. मुलगी, सायली, चिपळूणकडची, तीही पुण्यातच. बैठक चालली होती. काकू प्रशांत कॉलेजात असतानाच वारल्या होत्या, म्हणून बोलायचं सगळं काकांनाच. व्याह्यांसमोर काका छातीवर हात ठेवून म्हणाले, "मुलगा बिनआईचा झाला, पण मी त्याला शिक्षेत कमी पडू दिलं नाही. माझ्या ऐपतीबाहेर जाऊन शिक्षा दिली त्याला. भोपाळात झाली, मग इंदूरला पाठवून तिथं दिली."

व्याहीणबाईंनी प्रशांतकडं पाहिलं. त्याच्या अंगावर कुठं वळ दिसतात का, ते शोधत असाव्यात. त्या बिचारीला काय ठाऊक, की आमच्याकडं शिक्षा म्हणजे शिक्षण.

काका पुढं म्हणाले, "आता तुमची मुलगी आमच्या घरी येईल. तिला सुखात ठेवायची आम्ही सगळे मिळून पूर्ण चेष्टा करू."

चेष्टा म्हणजे प्रयत्न, हे प्रशांतनं घाईघाईनं समजावून सांगेपर्यंत मुलीचे मामा चप्पल घालायला उठले होते. सायली मात्र पदराआड तोंड धरून हसत होती म्हणे. लग्न जमलं ते त्या हसण्यामुळं, असं प्रशांतचं मत आहे.

तर असे हे काका. आता त्यांची खरी अडचण सांगते. नदीवर मासे मिळत होते, घरी शिजवायला येत होतं. अडचण होती ती खाण्याची.

शिजवण्यात काकांचा हात धरणारं कोणी नाही. पुठिया आणि चिलवा मीठ-बेसन चोळून एवढ्या वेळा धुतात, की गाळाचा वास नावालाही राहत नाही. मग हळद, तिखट, ठेचलेला लसूण, वरून ज्वारीचं पीठ आणि लोखंडी तव्यावर जवसाच्या तेलात कुरकुरीत. पतोल्याचं कालवण. त्यात भाजलेलं सुकं खोबरं, चिंच, आणि तिखट एवढं की कान गरम होतात. पण काकांचा एक नियम आहे, आणि तो स्थापना शाखेच्या नियमांइतकाच पक्का. काट्याचा मासा एकट्यानं खायचा नाही.

"अडकला तर पाठीत कोण हाणेल? भाताचा गोळा कोण देईल? रोहू एकटा खाऊ शकते माणूस, त्याचे काटे दिसतात. पुठियाला दुसरं माणूस लागतेच."

त्यामुळं रविवारी दुपारी काका स्टीलचा डबा घेऊन तिसऱ्या मजल्यावरून खाली उतरायला लागायचे, दारोदार, जोडीदार शोधत. समोरच्या फ्लॅटमधले मालवीय: "अंकल, हम तो बोनलेस वाले हैं." दुसऱ्या मजल्यावरच्या बाईंचा कायम कुठला तरी उपास. एकदा तर त्यांनी अशा वाराचा उपास सांगितला, जो त्या दिवशी नव्हताच. त्यांच्या शेजारच्यांनी डबा ठेवून घेतला आणि धुऊन परत दिला, पण त्या दिवशी जिन्याखालची मांजर फार खुशीत होती, हे काकांनी पाहिलं. ते एवढंच म्हणाले, "चला, कोणी तरी खाल्ली."

असं करत करत शेवटचं दार आमचं. डब्यावर चमचा वाजायचा, टिंग टिंग, आणि आवाज यायचा, "काय बीएस्सी, भात झाला का?"

आमच्याकडं ते बसायचे तेव्हा बघत राहावं. पेपर पसरायचा, चष्मा कपाळावर चढवायचा आणि घड्याळ दुरुस्त करणाऱ्यासारखं एकेका माशावर झुकायचं. पाठीवरून अंगठा फिरवून मधला काटा अखंड उचलायचा. बारीक काटे बोटांनी चाचपून एकेक काढायचे आणि ताटाच्या कडेला हजेरीला उभे केल्यासारखे ओळीत लावायचे. तोंडानं चालूच. कोणत्या साहेबाची बदली कशी थांबली, कोणाच्या बढतीत कोणी काटा घातला. विनोदला एकदा खरंच काटा अडकला, तेव्हा काकांनी त्याच्या पाठीत असा गुद्दा हाणला, की काट्याबरोबर त्याच्या मनातली काट्यांची भीतीही निघून गेली. पण जेवण संपल्यावर ताटांकडं पाहिलं, की दर वेळी एकच दिसायचं. काटे सगळे काकांच्या ताटात, आणि मासा बहुतेक आमच्या पोटात.

आमच्याकडून वर गेले की ते गॅलरीत उभे राहून सूनबाईला फोन करायचे. पुणं लांब आहे, या हिशेबानं आवाज. अख्ख्या बिल्डिंगीला ऐकू जायचं. "हां सूनबाई! सगळं बढिया! तब्येत बढिया! आज अकरा पुठिया, एक नेताजी! प्रशांत काय करते? मीटिंग? रविवारी? करू दे, करू दे!" सूनबाईच बोलायची बहुतेक. मग शेवटी काकांचा आवाज एकदम खाली यायचा. शेवटचं वाक्य ते कायम हळू बोलायचे. ते काय असायचं, कोणालाच कधी कळलं नाही. आणि मला वाटायचं, असेल काही घरगुती.

ते वाक्य मला कळलं ते गेल्या हिवाळ्यात.

रविवार होता, काका नदीवर गेलेले. दुपार व्हायला आली होती. बेल वाजली म्हणून दार उघडलं, तर जीन्समधली एक मुलगी, हातात चाकांची बॅग.

"घोडमारेंचं घर हेच ना?" स्वच्छ पुणेरी मराठी.

"नाही. त्यांचं वर. तिसऱ्या मजल्यावर."

"वर?" तिनं जिन्याकडं पाहिलं, मग परत माझ्याकडं. "असं कसं? मी त्यांची सून. सायली."

मी तिला आत घेतलं, पाणी दिलं. तिचं सोमवारपासून भोपाळला ऑफिसचं काम होतं. बाबांना न सांगता आदल्या दिवशी येऊन गंमत करायची, असं ठरवलेलं. लग्नानंतर एकदा ती आली होती, पण तेव्हा काका शिवाजी नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये होते. या फ्लॅटवर प्रशांत येऊन गेला, तिला सुट्टी जुळली नाही. प्रशांतनं मोबाइलवर जागा दाखवून दिली, त्यात गेट कळलं, मजला कळला नाही.

"मजला विचारायची गरजच वाटली नाही हो," ती म्हणाली. "बाबा स्वतःच सांगतात ना, घर खाली आहे म्हणून."

"कोण सांगतं?"

"बाबा. दर रविवारी. फोन ठेवताना हळूच म्हणतात, 'सूनबाई, घर खाली आहे.' मी म्हणते, 'बरं झालं बाबा, गुडघ्यांना तेवढाच आराम.' मग ते म्हणतात, 'हां, वो तो है.' आणि ठेवून देतात."

मी चहाचं आधण ठेवत होते. ते ठेवून तिच्याकडं वळले.

मी भोपाळची. मला ते वाक्य ऐकताक्षणी कळलं. पण सांगायचं कसं? शाळेत अडलं की मी प्रयोग करून दाखवते. मग मी वरच्या फळीवरचा साखरेचा मोठा डबा काढला. तो संपलेला होता, सकाळीच विनोदला आणायला सांगितलं होतं. झाकण काढून तिच्यासमोर उलटा धरला.

"हे बघ, सायली. हा डबा खाली आहे."

तिनं फळीकडं बोट दाखवलं. "वर होता की आत्ता."

"वर होता. पण खाली होता."

ती हसायला लागली, बैठकीत पदराआड हसली असेल तशीच. आणि हसता हसता थांबली. डब्यात पाहिलं. मग माझ्याकडं पाहिलं.

"म्हणजे... रिकामं?"

मी मान हलवली.

"आणि मी दर वेळी म्हणत होते, 'बरं झालं बाबा'?"

त्या दिवशी आम्ही चहा बिनसाखरेचाच प्यायलो. दोघींनाही ते चहा संपल्यावर लक्षात आलं.

गेटपाशी काकांची स्कूटर वाजली. मी सायलीला म्हटलं, दार तू उघड. दारावर बोटांनी टकटक झाली, "काय बीएस्सी, भात..." आणि दारात सून पाहून काकांच्या हातातली ओली पिशवी तशीच ठिबकत राहिली.

पहिल्यांदा ते खूश झाले. मग एकदम घाबरले. इतकं घाबरलेलं मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. पिशवी पाठीमागं लपवायला लागले.

"अगं, सांगायचं नाही का? आज तर काहीच... बीएस्सी, विनोदला सांग न, बाजारातून एक रोहू आणायला. मोठा पाहून. नाही तर कतला."

"काका!" मी म्हटलं. "रोहू? तुम्ही?"

"सूनबाई कोकणातली आहे. पापलेट-सुरमई खाल्लेली पोरगी. तिला पहिल्यांदा या घरी आल्यावर चतुर्थ श्रेणी वाढू?" आणि मग अगदी रडवेल्या आवाजात, "आज सकाळीच एक साहेब गळाला लागले होते. एवढे मोठे. सोडून दिले मी!"

"काय आहे पिशवीत?" सायलीनं विचारलं.

"काही नाही. पुठिया. न एक पतोला."

"काटेरी?"

"लई."

"मग मला तेच हवं," ती म्हणाली. "आम्ही खाडीकडचे, बाबा. पापलेट पाहुण्यांसाठी असतं. घरात काटेरी मासाच खातात."

काकांना खाडीची श्रेणी पटकन लावता येईना. ते विचारात पडले तेवढ्यात तिनं त्यांच्या हातातून पिशवी काढून घेतली. "आणि जेवायचं वर. तुमच्या घरी."

भाताचं पातेलं घेऊन आम्हीही वर गेलो. एवढे रविवार काका आमच्याकडं जेवले, पण त्यांच्या घरी मी अशी पहिल्यांदाच बसले. घर टापटीप होतं. मांडणीवर एक ताट, एक वाटी, एक पेला पालथा घातलेला. बाकीची भांडी माळ्यावर बांधून ठेवलेली. ती विनोदनं काढून दिली, आम्ही धुतली. सायलीनं मासे धुताना पुठियांचं इतकं काही विचारलं, की काकांची कळी हळूहळू खुलली. टेंगऱ्यापर्यंत आले तेव्हा त्यांचा आवाज नेहमीचा झाला, आणि राज्यपालांपर्यंत पोचले तेव्हा समोरच्या मालवीयांनी दार उघडून पाहिलं.

जेवायला बसलो. काकांनी चष्मा कपाळावर चढवला. सायलीनं पहिली पुठिया उचलली, तोंडात घातली आणि दुसऱ्या बाजूनं काट्यांचा सांगाडा असा अख्खा बाहेर काढला, जसा काही म्यानातून काढावा. ना बोट लागलं ना चष्मा. विनोदनं टाळीच वाजवली.

"वा!" काका म्हणाले. "वा, सूनबाई! एकदम बढिया!" मनापासून म्हणाले. पण त्यांच्या ताटात एक मासा साफ करून ठेवलेला होता, तिच्यासाठी, आणि त्याचं आता काय करावं ते त्यांना कळेना. त्यांनी तो जरा बाजूला सरकवला. मग भाताखाली घातला.

सायलीनं ते पाहिलं. तिनं पतोल्याचा एक तुकडा घेतला, घास घेतला, आणि कपाळाला आठी घातली.

"बाबा, हा मात्र नाही जमत हो मला. फारच काटे आहेत."

"नेताजी आहे तो!" काका उजळून म्हणाले. "तो कोणालाच जमत नाही. आण इकडं."

मग काय! पेपर पुढं ओढला, बोटं चालायला लागली, बदल्या, बढत्या, काट्यांची ओळ. एकेक घास सूनबाईच्या ताटात पडत गेला आणि ती शहाण्या लहान मुलीसारखी खात गेली. भंडाऱ्याचं तिखट तिला झेपत नव्हतं. नाकातून पाणी, डोळ्यांतून पाणी. काका विचारत होते, "तिखट झालं का?" ती म्हणत होती, "नाही, बाबा. वाढा."

तिचं काम आठवड्यात संपलं. रोज संध्याकाळी ऑफिसची हॉटेलखोली सोडून ती इकडंच यायची. निघायच्या दिवशी तिला स्टेशनवर सोडायला काका येणार होते, तर तिनंच नको म्हटलं. आम्ही सगळे गेटपाशी उभे. बॅगेत काकांनी वाळवलेल्या चिलव्याची पुडी घातली होती, एकावर एक पिशव्या गुंडाळून, रेल्वेच्या डब्यातल्या लोकांनी वासानं साखळी ओढू नये म्हणून.

रिक्षात बसल्यावर सायलीनं डोकं बाहेर काढलं. "बाबा, पुढच्या महिन्यात आम्ही दोघं येतोय. मीटिंग असली तरी त्याला आणते. आणि तोवर घर खाली वाटलं, तर मोठ्यानं सांगायचं. हळू नाही."

काकांनी माझ्याकडं पाहिलं. मी कढीपत्त्याच्या झाडाकडं पाहिलं.

"खाली?" काका म्हणाले. "खाली कसं वाटेल, बेटा? तिसरा मजला आहे माझा!"

रिक्षा वळेपर्यंत ते हात हलवत राहिले. वळल्यावरही थोडा वेळ हलवत होते. मग चष्मा कपाळावर चढवला, डोळे पुसले, परत नाकावर आणला.

"काय बीएस्सी," ते म्हणाले, "रविवारी भात तू वरच घेऊन ये. ताटं काढलेली आहेत."